गोष्टीत नसलेला कारकून

लातूर
२ मे १९८३

प्रिय जिलानी,

जयभीम. अम्मीला माझा सलाम सांग.

सोबत गोष्ट पाठवतोय. हिमायतनगरच्या शाळेत तू माझे निबंध चोरून वाचायचास, आता पगार घेऊन वाच. तुमच्या मालकांच्या मासिकाला द्यायची आहे. शेवटी छापखान्यात अक्षरांचे खिळे तूच जुळवणार, म्हणून आधी तुझ्याच हातात देतो.

तू म्हणशील, टंचाईच्या कचेरीतल्या कारकुनाला गोष्टी कशा सुचतात. अरे बाबा, इथं दुसरं सुचतंय काय! जिल्हा होऊन नऊ महिने झाले. आमची कचेरी अजून भाड्याच्या गोदामात, खुर्च्यांवरचं प्लॅस्टिक साहेब काढू देत नाहीत आणि नळाला पाण्याचा थेंब नाही. जिथं टँकर थांबतो तिथं सकाळपासून घागरींची रांग. माणसं कामावर, घागरी रांगेत. दुसऱ्याचा नंबर खाल्ला तर डोकी फुटतात, पण शेजारीण हजर नसली तर तिची घागर आपल्या घागरीबरोबर पुढं सरकवायची, हा इथला रिवाज. त्यातूनच गोष्ट निघाली.

एक राजा असतो. दुष्काळात लोक स्वतःऐवजी घागरी उभ्या करायला लागतात. आधी पाण्याला, मग चावडीवर, मग लग्नाला, मयतीला, शेवटी दरबारात. राजा भाषण करतो तर समोर दहा हजार घागरी. त्याला लई आवडतं. घागरी जांभई देत नाहीत, सवाल करत नाहीत, आणि त्याचंच बोलणं आत घुमून त्यालाच परत ऐकू येतं. प्रधान रयतेचं पाणी राजाच्या बागेला नेतो, घागरी गप्प. मग एक दिवस शत्रू वेशीवर येतो. राजा ओरडतो, "उठा!" एकही उठत नाही.

कशी वाटली ते खरं सांग. आठ दिवसांत लिहून काढली, हात थांबतच नव्हता.

तुझा
निवृत्ती


नांदेड
११ मे १९८३

निवृत्ती,

सलाम आणि जयभीम. यार, कमाल केलीस. चार पानं जुळवून झाली. हसून हसून खिळे हातातून पडले दोनदा, मालक खेकसले.

त्यांनीही वाचली. खूश आहेत. त्यांना वाटतं राजा म्हणजे दिल्लीचा कुणीतरी. आमचा मशीनवाला म्हणतो, नाही, हा तर साखर कारखान्याचा चेअरमन. पलीकडच्या दुकानाचे वीरण्णाशेठ पुरावे घेऊन आले, की राजा म्हणजे त्यांचा मेहुणाच. प्रत्येकाकडं एक राजा तयार आहे. घागर कोण, हे मात्र कुणी विचारलं नाही. तूही कशाला सांगतोस म्हणा.

मी मात्र एक विचारतो. आम्ही जुळारी लोक वाचत नाही, अक्षर अक्षर उचलतो, त्यामुळं कोणत्या गोष्टीला किती जागा लागली ते बोटांना कळतं. तुझा राजा दीड ओळीत बसला. प्रधानाला तीन लागल्या. आणि दरबारातल्या एका घागरीला अकरा ओळी! जर्मनच्या पत्र्याची, काठ एका बाजूनं चेपलेला, बुडाला डांबराचं ठिगळ, त्या डांबरात अडकलेला बारीक खडा. दहा हजार घागरींत हीच एवढी जवळून कशी दिसली रे तुला? कुणाची आहे ही?

वहिदा विचारते, भाऊजी बायको कधी आणणार. मी सांगितलं, आधी पाणी येऊ दे.

जिलानी


लातूर
१९ मे १९८३

प्रिय जिलानी,

तुझं पत्र वाचून हसलो. अरे, ती कल्पना आहे. लिहिणाऱ्याला एखादी वस्तू जवळून बघावी लागते, नाहीतर वाचणाऱ्याला दिसत नाही. ओळी जास्त झाल्या असतील तर कमी कर.

इकडची गंमत सांगतो. आमचे विरूपाक्ष साहेब आहेत ना, टंचाईचे मुख्य, त्यांनी माझ्या टेबलावरची गोष्टीची नक्कल उचलली आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली. मला घामच फुटला. पण ते खदखदा हसले, पाठ थोपटली, म्हणाले, "प्रधान बेस्ट जमलाय, अगदी त्या बांधकाम खात्यावाल्यांसारखा!" तिथं आलेले बांधकामवालेही हसले, त्यांना तो आमच्या साहेबांसारखा वाटला.

अजून एक गंमत. आमच्या व्हरांड्यात अर्जदारांची रांग असते. गेले वीस-बावीस दिवस त्या रांगेत एक घागर उभी असते. धुरपताबाई म्हणून हिवरवाडीची बाई आहे, रेणापूरच्या पलीकडची. ती सकाळी येते, रांगेत घागर ठेवते आणि रस्त्याच्या कामावर जाते. संध्याकाळी घेऊन जाते. रांग पुढं गेली की लोक घागर पुढं सरकवतात. दाराशी आली की कुणीतरी बाजूला करतं, आणि मग ती पुन्हा शेवटी. आमचा शिपाई व्यंकट झाडताना उचलतो, झाडून झालं की पुन्हा तिथंच ठेवतो. कसला तरी अर्ज आहे तिचा.

मी टेबल फिरवून घेतलंय. आता दाराकडं पाठ येते. त्यानं उलट झालं. दिसत नाही, पण फरशीवरून ती सरकवल्याचा आवाज येतो. खर्रर्र. मग थांबतो. मग पुन्हा. रविवारी खोलीवर असलो तरी येतो. खालच्या घरात कुणी पाट ओढला तरी मी उठून बसतो. उन्हाळा बाधला असेल.

गोष्ट लवकर छाप.

निवृत्ती


नांदेड
२७ मे १९८३

निवृत्ती,

मला येडा समजतोस काय?

तुझी गोष्ट २ मेची. घागर व्हरांड्यात येऊन वीस-बावीस दिवस, असं तू १९ तारखेला लिहितोस. म्हणजे गोष्ट लिहिताना ती तुझ्यासमोर उभी होती. मग कल्पना कशाला म्हणालास? बुडाला डांबराचं ठिगळ आहे ना तिला? आणि "कसला तरी अर्ज" म्हणजे काय? ज्या माणसानं मास्तरांच्या सदऱ्याला किती गुंड्या आहेत ते मोजून निबंधात घातलं, त्याला समोरच्या बाईचा अर्ज माहीत नाही?

तुझ्या आवाजाचं वाचून अम्मी घाबरली. ताईत पाठवते म्हणते. मी म्हटलं, त्याला ताईत नको, त्याला सरळ विचारायला पाहिजे. म्हणून विचारून राहिलो.

इकडं कामाची गडबड आहे. तुमच्या लातूरचंच काम. एप्रिलमध्ये कुणी बडे पाहुणे हेलिकॉप्टरनं आले होते ना, त्या स्वागत समितीची स्मरणिका आमच्याकडं आली. गुळगुळीत कागद, मोठे मोठे फोटो. पाहुण्यांच्या नावासाठी मालकांनी कुलपातले मोठे ठसे काढून दिले. मी ओळ जुळवली, "मैदानावर धुळीचा कणही नव्हता." फोटोत मैदान ओलंचिंब दिसतं. एवढं पाणी कुठून आणलं रे दुष्काळात? मालकांना विचारलं तर म्हणाले, तुला काय करायचंय.

जिलानी


लातूर
९ जून १९८३

जिलानी,

तुझं पत्र आठ दिवस खिशात घेऊन फिरलो. आता लिहितो.

ते पाणी हिवरवाडीचं होतं.

१२ एप्रिल, मंगळवार. हिवरवाडीचा टँकर सकाळी आठला निघायचा. साहेबांनी ड्रायव्हर मडिवाळप्पाला थांबवलं. पाहुण्यांच्या हेलिकॉप्टरनं धूळ उडेल, मैदानावर पाणी मारायचंय. मडिवाळप्पा म्हणाला, "साहेब, वाडीत लोक बसून ऱ्हायलेत." साहेब म्हणाले, "बसलेतच ना? बसू द्या." मग माझ्याकडं वळले. "निवृत्ती, फेरीची नोंद वेळेवरच घाल. उगाच वर प्रश्न नको." मी वहीत लिहिलं, हिवरवाडी, सकाळी आठ, वाटप पूर्ण. माझ्या अक्षरात, खाली माझी सही. लिहून मी चहा प्यायलो.

टँकर वाडीत चारला पोचला. रांगेत नागुबाई नावाची म्हातारी सकाळपासून होती. लिंबाच्या बुंध्याला टेकून, तोंडावर पदर घेऊन बसलेली. पाणी सुटलं तशी रांग हलली. बायांना वाटलं म्हातारीचा डोळा लागलाय, कशाला उठवा बिचारीला. त्यांनी तिची घागर पुढं सरकवली. एकदा नाही, सात वेळा. पाईपखाली धरून भरली सुद्धा, आणि तिच्याजवळ आणून ठेवली. सगळ्यांनी रिवाज पाळला. कुणी तिच्या खांद्याला हात लावला नाही. तिची लेक धुरपताबाई पाचला कामावरून आली तेव्हा घागर काठोकाठ भरलेली होती. म्हातारी दुपारीच गेली होती.

तलाठ्यानं कागद केला, राहत्या घरी वार्धक्यानं मृत्यू. कारण सकाळी आठला वाटप झालं असं वहीत आहे. मग दुपारी पाण्याच्या रांगेत कुणी मरेल कसं? माझ्या ओळीनं ती ओळ लिहायला लावली.

धुरपताबाई पहिल्या दिवशी माझ्याच टेबलापुढं आली होती. मी म्हटलं, भरपाईचा अर्ज वेगळा असतो. ती म्हणाली, "मला काय बी नको साहेब. माय घरी मेली म्हणून लिवलंय, तेवढं खोडा. घरी मेली म्हंजे माझ्या पुढ्यात मेली. माझ्या घरात माय तहानेनं मेली आसंच झालं की. लोक इचारतेत, तू पाणी न्हाई का पाजलं?"

मी तिला सांगितलं, रांगेत उभी राहा. तेव्हापासून घागर उभी आहे.

तुला माझं घर माहीत आहे. बानं आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात राबून मला शिकवलं. आमच्या वस्तीत सरकारी टेबल मिळालेला मी पहिला. बुद्धजयंतीला गेलो तर बा सगळ्यांना माझ्या खिशातला पेन दाखवत होता. त्याच पेनानं लिहिलंय रे. मी खरं बोललो तर नोकरी जाईल, आणि साहेब नामानिराळे राहतील.

म्हणून मी गोष्ट लिहिली. गोष्ट हाच माझा जबाब समज. लोक वाचतील, समजायचं ते समजतील. लवकर छाप.

निवृत्ती


नांदेड
१६ जून १९८३

निवृत्ती,

रोजे सुरू आहेत. घसा कोरडा घेऊन तुझी गोष्ट पुन्हा वाचली, अक्षर अक्षर बोटात धरून. तुझं पत्र वाचून रडलो, ते आधी सांगतो. आता पुढचं ऐक, आणि रागावू नको.

तुझ्या गोष्टीत राजा आहे. प्रधान आहे. बाग आहे, शत्रू आहे, दहा हजार घागरी आहेत. कारकून नाही.

पाणी बागेला गेलं, ठीक. पण गावाला पोचलं असं वहीत कुणी लिहिलं? राजा लिहीत नाही रे. राजाला सगळं स्वतः लिहिता आलं असतं तर तुझी-माझी गरज कशाला पडली असती? तू सगळ्यांना गोष्टीत घातलंस आणि स्वतः हळूच बाहेर पडलास. म्हणून तर सगळे हसून राहिलेत. ज्यानं त्यानं तुझ्यासारखंच केलंय, दुसऱ्याकडं बोट दाखवून स्वतः बाहेर.

मी काही मोठा धुतल्या तांदळाचा नाही. "धुळीचा कणही नव्हता" ही ओळ याच हातांनी जुळवली. फोटो ओला दिसत होता, मी विचारलं, मालक म्हणाले तुला काय करायचंय, आणि मी गप बसलो. त्या दिवसापासून ती ओळ मिटल्या डोळ्यांपुढं येते, खिळ्यांत असते तशी उलटी.

तुझी नोकरी जावी असं मला वाटत असेल का? तुझ्या बाच्या हातची भाकर मीही खाल्लीय. पण त्या बाईला गोष्ट नको आहे. तिला एक ओळ खोडून पाहिजे, आणि ती तुलाच खोडता येते. तुमच्या साहेबांना नाही, मला नाही.

गोष्ट संपते तिथं खाली अर्धं पान मी मोकळं सोडलंय. मालकांना सांगितलं, मजकूर यायचा आहे. जुलैपर्यंत थांबवू शकतो.

जिलानी


लातूर
२२ जून १९८३ (कार्ड)

जिलानी,

मोकळ्या पानावर एखादी जाहिरात टाक. इथं ३ जुलैला साहित्य मेळावा आहे, विरूपाक्ष साहेबांनी माझं गोष्टवाचन ठेवलंय. अंक तोपर्यंत आला तर बरं. बाकीचं नको लिहूस. मला जमणार नाही.

निवृत्ती


लातूर
६ जुलै १९८३

जिलानी,

तू कार्डाला उत्तर दिलं नाहीस. बरं केलंस.

रविवारी मेळावा झाला. हॉल भरला होता. मी वाचत गेलो, लोक टाळ्या देत गेले. राजाच्या भाषणाला तर पहिल्या रांगेतले सगळे पोट धरून हसले. एप्रिलमधल्या स्वागत समितीचे अध्यक्ष होते त्यांच्यात. त्यांनी उठून मला हार घातला. म्हणाले, असं निर्भीड लिहिणारं कुणीतरी पाहिजे. मी मान डोलावली.

खाली उतरलो तर मागं, चपला काढतात तिथं, धुरपताबाई बसलेली. व्यंकटनं तिला सांगितलं होतं म्हणे, तुझ्या घागरीची गोष्ट आहे. ती कामावरून थेट आली होती, पायाला डांबर तसंच. मला म्हणाली,

"साहेब, घागर माझ्याच मायची हाय. ते ठिगळ म्याच लावलंय. खडा बी सांगितला तुमी. लई बारीक बघितलं."

मी म्हटलं, हाव.

"मग माय कुठं हाय त्यात?"

जिलानी, तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. तिला खरंच वाटलं होतं की ऐकताना तिचं लक्ष चुकलं, माय कुठंतरी येऊन गेली आणि तिला कळलं नाही. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. माझ्या गळ्यात तो हार, आणि मला शरमेनं मरून जावंसं वाटलं.

सोमवारी सकाळी मी टेबलावर बसलो नाही. एक कागद लिहिला आणि व्हरांड्यातल्या रांगेत, घागरीच्या मागं जाऊन उभा राहिलो. लोकांना मजा वाटली. व्यंकट म्हणाला, साहेब, आत चला की, असं काय करून राहिले. मी हललो नाही. दुपारपर्यंत रांग पुढं गेली. माझ्या मागचा म्हातारा घागर सरकवायला वाकला तेव्हा मी म्हटलं, राहू दे, मी उचलतो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हात लावला तिला. रिकामी घागर, पण मला दोन्ही हात लागले.

विरूपाक्ष साहेबांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. मग हळू म्हणाले, "गोष्ट लिही रे. वाटेल तेवढ्या गोष्टी लिही. हे कशाला?" मी म्हटलं, आवक वहीत नोंदवा. घागर त्यांच्या टेबलावर ठेवली आणि नंबर पडेपर्यंत हललो नाही. कागद आता परत घेता येत नाही. माझ्या निलंबनाचा हुकूम शुक्रवारपर्यंत निघेल असं ते म्हणाले. चौकशी लागेल. तलाठ्याची ओळ खोडली जाईल की नाही, ते अजून कुणीच सांगत नाही.

संध्याकाळी धुरपताबाई आली. तिला त्या कागदाची नक्कल वाचून दाखवली. म्हणाली, पुन्यांदा वाचा. पुन्हा वाचली. तिसऱ्यांदा वाचताना शेवटची ओळ तीही माझ्याबरोबर म्हणाली. मग घागर कमरेवर घेतली आणि गेली. आता व्हरांड्यात ती नाही. तरी आज बघितलं, लोक ती जागा सोडून उभे होते, आणि व्यंकट झाडत तिथवर आला की झाडू उचलतो आणि पलीकडून धरतो. मलाही तो आवाज अजून येतो.

तुझं अर्धं पान मोकळं असेल तर त्याच कागदातला हा मजकूर घाल.

"मी, निवृत्ती, टंचाई कचेरीतला कारकून. १२ एप्रिलला हिवरवाडीचा टँकर सकाळी आठला गेला असं मी वहीत लिहिलं. ते खोटं आहे. तो मैदानावर पाणी मारत होता. नागुबाई दिवसभर पाण्याच्या रांगेत बसून मेली. ती घरी मेली नाही. तिच्या लेकीनं तिला तहानलेलं ठेवलं नाही, मी ठेवलं."

बाला अजून सांगितलं नाही. महिनाअखेरीस गावी जाईन.

निवृत्ती


नांदेड
१४ जुलै १९८३

निवृत्ती,

परवा ईद झाली. अम्मीनं तुझ्या नावाचा शिरखुर्मा वाडग्यात काढून ठेवला आणि शेवटी मलाच खायला लावला. गावी जाताना नांदेडला उतर. बाला सांगायला मी बरोबर येतो, एकटा जाऊ नको.

अंक निघाला. गोष्ट छापली, सगळीकडं वाहवा. मालकांनी तुझा जबाब वाचला आणि अर्ध्या पानावर बियाण्याची जाहिरात टाकली. मी भांडलो. ते म्हणाले, गोष्टीत चालतं, असं नावागावानं चालत नाही.

मग मी माझं केलं. त्या स्मरणिकेच्या ओल्या मैदानाच्या फोटोचे शंभर-सव्वाशे कागद उरले होते, एका बाजूनं कोरे. कोऱ्या बाजूला तुझा जबाब छापला. उजेडात धरलं की पाठीमागून मैदान दिसतं. खाली जुळारी म्हणून माझं नाव घातलंय. मालकांना कळेल तेव्हा कळेल, मग आपण दोघं मिळून काम शोधू.

गठ्ठा एसटीनं पाठवलाय, हे पत्र मिळालं की स्टँडवर सोडवून घे. पहिला कागद धुरपताबाईला दे. तिला वाचता येत नाही, म्हणून नागुबाईचं नाव मी कुलपातल्या त्या मोठ्या ठशांत जुळवलं, ज्यांत पाहुण्यांचं नाव छापलं होतं. मशीनवर दाब जास्त दिला. कागदावरून बोट फिरवलं की नाव हाताला लागतं. तिला तेवढं दाखव.

जिलानी